उतारवयातील गावनिवड

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही पेशाने प्राथमिक शिक्षक. जुन्या अकरावीची मॅट्रिक परीक्षा उत्तीर्ण झालो, अध्यापनाची पदविका घेतली आणि सदतीस वर्षे खडूफळ्याची चाकरी करून २०१५ साली निवृत्त झालो. परदेशाविषयी बोलण्याचा आमचा अधिकार तो काय? परंतु आमच्या चिटणीस महाशयांच्या कानी असे गेले की, आम्ही उभयता २०२३ साली अमेरिकेत साडेचार महिने राहून आलो. आणि तेथे काय पाहिले ते ज्ञातिबांधवांना सांगा, अशी त्यांनी आज्ञा केली. तेथील गगनचुंबी इमारतींचे वर्णन आपण पुष्कळ ऐकले असेल. म्हणून त्या वाटेस न जाता, निवृत्त माणसाने उरलेले आयुष्य कोणत्या गावी काढावे, या प्रश्नाचा आमच्या ज्येष्ठ बंधूंनी तेथे कसा शोध घेतला, तेवढेच निवेदन करण्याचे आम्ही योजिले आहे. आपल्यापैकी कित्येकांची मुले परदेशी आहेत, कित्येकजण नोकरीनिमित्त परगावी राहून आता निवृत्तीच्या उंबरठ्यावर उभे आहेत. हा प्रश्न आज ना उद्या आपल्याही दाराशी येणारच आहे.

आमचे बंधू, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, १९७९ साली न्यू जर्सी राज्यात नोकरीस गेले. तेथेच घर केले, दोन मुले वाढविली. मुलगा कॅलिफोर्नियात, मुलगी टेक्सासमध्ये. “परत येणार” हे वाक्य आम्ही त्यांच्या तोंडून चाळीसहून अधिक वर्षे ऐकत आलो, आणि त्या वाक्याच्या भरवशावर गावच्या वडिलोपार्जित घरातील पडवीशेजारची खोली आम्ही त्यांच्यासाठी राखून ठेविली. दर दिवाळीस ती झाडून, सारवून घेत असू. पुढे फरशी बसविली तेव्हा त्या खोलीस प्रथम बसविली.

अण्णा निवृत्त झाले तेव्हा न्यू जर्सीतील घराची पट्टी त्यांना वर्षास अकरा हजार डॉलर भरावी लागे. घरपट्टीच्या बाबतीत ते राज्य त्या देशात सर्वांत महाग गणले जाते. मिळवती माणसे हा भार सोसतात. निवृत्तास तो जड जातो. मुलांनी “आमच्याजवळ या” असा आग्रह केला. परंतु दोघेही नोकरीपायी दर चार-पाच वर्षांनी शहर बदलणारे. तेव्हा अण्णांनी विचार केला की, मुलांच्या मागे फिरण्यापेक्षा आपण एक गाव निवडावे आणि मुलांनीच सणासुदीस तेथे यावे. मित्रांच्या सल्ल्याने त्यांची दृष्टी मध्यपश्चिम भागाकडे वळली. तेथील जनगणना खाते ओहायो, इंडियाना, इलिनॉय, मिशिगन, विस्कॉन्सिन, मिनेसोटा, आयोवा, मिसूरी, कॅन्सस, नेब्रास्का आणि दोन्ही डाकोटा अशा बारा राज्यांस हे नाव देते. मका आणि सोयाबीन यांची अफाट शेते, कडक हिवाळा, स्वस्त घरे आणि अगत्यशील माणसे अशी त्या मुलखाची ख्याती. अगत्याचा भाग किती खरा, हे पाहण्यास अण्णा निघाले आणि आम्हां उभयतांस त्यांनी बरोबर घेतले.

प्रवासास निघण्यापूर्वी अण्णांनी एका वहीत चार रकाने आखले : कर, औषधपाणी, चालता येईल अशी वस्ती आणि माणसे. आम्हांस शाळेतील तपासणीची आठवण झाली. त्या रकान्यांत काय भरले गेले, ते थोडक्यात सांगतो.

कराच्या बाबतीत एक गोष्ट कळली की, राज्याराज्यांत अंतर फार आहे आणि एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने घेतले जाते. इलिनॉय राज्य निवृत्तिवेतनावर प्राप्तिकर घेत नाही. पण तेथील घरपट्टी जबर. आयोवाने २०२३ पासून पंचावन्न वर्षांवरील माणसांच्या निवृत्तिवेतनावरील राज्याचा प्राप्तिकर उठविला. इंडियानाने राहत्या घराची पट्टी घराच्या करपात्र किमतीच्या एक टक्क्यापेक्षा सहसा वाढू नये, अशी मर्यादा २०१० साली आपल्या राज्यघटनेतच घातली. मात्र तेथे राज्याच्या प्राप्तिकरावर जिल्ह्याचा प्राप्तिकर निराळा द्यावा लागतो. तात्पर्य, एकच आकडा पाहून भुलू नये. सर्व करांची बेरीज करून मग गावाचे नाव घ्यावे.

औषधपाण्याचे प्रकरण अधिक गहन. तेथे पासष्टाव्या वर्षी ‘मेडिकेअर’ नावाची सरकारी आरोग्य विम्याची सोय मिळते. ज्याने स्वतः किंवा ज्याच्या जोडीदाराने सुमारे दहा वर्षे त्यासाठीचा कर भरला असेल, त्यास रुग्णालयाचा भाग विनाहप्ता मिळतो. परंतु पुष्कळ लोक खाजगी कंपन्यांमार्फत जी ‘मेडिकेअर अॅडव्हांटेज’ योजना घेतात, तिचे डॉक्टर आणि रुग्णालये जिल्ह्याजिल्ह्यापुरती ठरलेली असतात. राज्य बदलले की योजनाही बदलावी लागते, आणि त्यासाठी ठरावीक मुदत मिळते. हे न जाणता घर विकून निघालेला माणूस फसतो. दुसरे असे की, अंथरुणास खिळलेल्या माणसाची दीर्घकाळची नुसती शुश्रूषा मेडिकेअरमध्ये येत नाही, आणि भारतात घेतलेल्या उपचारांचा खर्चही सामान्यतः मिळत नाही. आपल्यापैकी ज्यांना मुले कायमचे तिकडे बोलावीत आहेत त्यांनी ध्यानात ठेवावे की, तेथे कधी नोकरी न केलेल्या वृद्धांस कायम वास्तव्याचा परवाना मिळाल्यावरही, सलग पाच वर्षे राहिल्यावाचून ही सोय पैसे भरूनसुद्धा सामान्यतः घेता येत नाही. पाहुणे म्हणून जाणाऱ्यांनी तर विमा उतरविल्याशिवाय विमानात पाऊल ठेवू नये.

आता गावे. इलिनॉयमधील अरोरा हे शिकागोच्या पश्चिमेचे सुमारे एक लाख ऐंशी हजार वस्तीचे शहर. तेथे बालाजीचे प्रशस्त मंदिर आहे, आसपास आपल्याकडील माणसे पुष्कळ. वहिनींस तेथे माहेरी आल्यासारखे वाटले. परंतु अण्णा म्हणाले, “अरे, येथे आपण आपल्यातच राहू. न्यू जर्सीत तेच केले. चाळीस वर्षांत शेजारच्या घरातील माणसाचे आडनाव मला ठाऊक झाले नाही.” हे वाक्य आमच्या मनात रुतून बसले.

आयोवा सिटी हे विद्यापीठाचे गाव. वस्ती पाऊण लाख. लहान गावात मोठे रुग्णालय हा तेथला लाभ. युनेस्कोने २००८ साली या गावास ‘साहित्यनगरी’ असा मान दिला. येथील आंतरराष्ट्रीय लेखक-कार्यक्रमासाठी आपले कवी दिलीप चित्रे १९७५ साली येऊन राहिले होते, हे कळल्यावर आम्हांस त्या रस्त्यांविषयी उगीचच आपलेपणा वाटू लागला. तेथून मिनेसोटातील रॉचेस्टर येथे गेलो. सव्वा लाखाच्या आत वस्तीचे हे गाव मेयो क्लिनिकमुळे जगप्रसिद्ध आहे. उपचारांच्या रकान्यात त्यास पैकीच्या पैकी गुण. पण तेथील हिवाळ्याचे वर्णन ऐकून वहिनींनी गुडघ्यांवरून हात फिरविला, आणि आम्ही काय ते समजलो. त्याच राज्यातील नॉर्थफील्ड गावी कार्लटन महाविद्यालय आहे. डॉ. आंबेडकर आणि महाराष्ट्रातील दलित चळवळ यांचा आजन्म अभ्यास करणाऱ्या एलिनॉर झेलियट तेथे अध्यापन करीत. मक्याच्या शेतांमधल्या त्या लहानशा गावी बसून आपल्या मुलखातील अस्पृश्यतेचा इतिहास एका परक्या बाईने लिहावा, आणि आम्ही शिक्षक असूनही तो वाचलेला नसावा, याची आम्हांस लाज वाटली.

चौथे गाव कोलंबस. हे ओहायोतील मोठे शहर नव्हे. इंडियाना राज्यातील, इंडियानापोलिसच्या दक्षिणेस सुमारे पाऊणशे किलोमीटरवरील, जेमतेम पन्नास हजार वस्तीचे गाव. अण्णांच्या परिचयाचे पुण्याचे एक गृहस्थ तेथे निवृत्त झाले होते. पुण्याशी या गावाचे नाते जुने आहे. कमिन्स या इंजिने बनविणाऱ्या कंपनीचे मुख्य ठाणे येथे, आणि १९६२ साली किर्लोस्करांच्या भागीदारीत तिचा कारखाना पुण्यात निघाला. त्यामुळे येथील वाणसामानाच्या दुकानात मराठी ऐकू येते, याचा अचंबा करण्याचे कारण नाही.

आम्हां शिक्षकास मात्र या गावाची दुसरीच गोष्ट भावली. कंपनीचे प्रमुख जे. अर्विन मिलर यांनी १९५०च्या दशकात गावास असे वचन दिले की, शाळा बांधावयाची असेल तर देशातील उत्तम वास्तुविशारद निवडा, त्याचे मानधन आमचे प्रतिष्ठान देईल. पहिली शाळा १९५७ साली उभी राहिली. पुढे ही सवलत इतर सार्वजनिक इमारतींनाही मिळाली. आय. एम. पेई यांच्यासारख्या विश्वविख्यात शिल्पज्ञाने या लहान गावाचे वाचनालय १९६९ साली बांधले. त्या वाचनालयात आम्ही तीन दुपारी बसलो. कोणी काही विचारले नाही, आणि चौथ्या दिवशी ग्रंथपाल बाईंनी होऊन भारताविषयीची पुस्तके काढून ठेविली. हेच मिलर चर्चसंस्थांच्या राष्ट्रीय परिषदेचे पहिले धर्मोपदेशक नसलेले अध्यक्ष होते, आणि १९६३ च्या वॉशिंग्टन येथील नागरी हक्कांच्या प्रचंड मोर्चाच्या संघटनेस त्यांनी हातभार लावला होता.

एवढे ऐकून त्या मुलखात सर्वत्र साधुसंतच नांदतात, असा कोणी ग्रह करून घेऊ नये. याच इंडियाना राज्यात १९२०च्या दशकात कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेषी संघटनेचे राजकारणावर वर्चस्व होते. मध्यपश्चिमेत अशी कित्येक गावे होती की, सूर्यास्तानंतर कृष्णवर्णीयाने तेथे थांबू नये असा दंडक असे. जेम्स लोवेन या अभ्यासकाने २००५ साली ‘सनडाउन टाउन्स’ या ग्रंथात त्यांचा इतिहास उजेडात आणिला. वंश, वर्ण, धर्म किंवा मूळ देश पाहून घर नाकारता येणार नाही, असा कायदा तेथे १९६८ च्या एप्रिलमध्ये, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याच्या आत झाला. आजही सर्व मने निवळली आहेत असे नाही. आमच्याच प्रवासात एका गावी पेट्रोल भरताना एका म्हाताऱ्याने अण्णांस विचारले, “परत केव्हा जाणार?” अण्णांनी शांतपणे उत्तर दिले, “न्यू जर्सीला ना? पुढच्या आठवड्यात.” ते हसले, आम्हीही हसलो, पण मोटारीत बराच वेळ कोणी बोलले नाही.

म्हणून अगत्याची परीक्षा कशी करावी, हा प्रश्न उरतो. हसतमुखाने ‘कसे आहात’ असे तेथे रस्त्यावरचा अनोळखी माणूसही म्हणतो. त्यावरून घर घेऊ नये. अण्णांनी तीन कसोट्या लाविल्या. पहिली, तिसऱ्या भेटीत माणसे नावाने ओळखतात काय? दुसरी, आपणांस काही काम सांगतात काय? पाहुण्यास कोणी काम सांगत नाही. काम सांगतात ते घरच्यास. तिसरी, मोटार हाकणे ज्या दिवशी सुटेल, त्या दिवशी आपणांस रुग्णालयात कोण नेईल? त्या देशात मोटारीवाचून माणूस पांगळा होतो. तेव्हा ही कसोटी फार मोलाची.

कोलंबस येथे ज्येष्ठांसाठी एक केंद्र आहे. तेथे काही स्त्रिया कापडाच्या तुकड्यांची पांघरुणे शिवीत बसल्या होत्या. वहिनी दारात उभ्या राहून पाहू लागल्या. आमच्या मंडळींनी त्यांस हळूच म्हटले, “वहिनी, ही तर आपली गोधडी!” दुसऱ्या दिवशी वहिनींनी गोधडीचा धावदोरा त्या बायांस घालून दाखविला. तिसऱ्या दिवशी एका सत्तरी उलटलेल्या बाईने त्यांच्या मांडीवर अर्धवट शिवलेले पांघरूण टाकले आणि सांगितले की, ही कड तुम्हीच पुरी करा, गुरुवारपर्यंत हवी. अण्णांनी त्या रात्री वहीतील चौथ्या रकान्यात काही लिहिले नाही. वही मिटून ठेविली.

तरीही त्यांनी घाई केली नाही, हे आवर्जून सांगावेसे वाटते. न्यू जर्सीचे घर विकून त्यांनी तेथे प्रथम एक वर्षाच्या कराराने भाड्याचे घर घेतले. उन्हाळ्यात पाहिलेले गाव हिवाळ्यात निराळे असते. जानेवारीत पारा शून्याच्या पुष्कळ खाली गेला असता दारापुढील बर्फ शेजाऱ्याच्या मुलाने न सांगता दूर केले, असे वहिनींनी आम्हांस दूरध्वनीवर सांगितले. पुढे घर घेतानाही त्यांनी पूररेषेचा नकाशा पाहिला. कारण २००८ च्या जून महिन्यात त्या गावात मोठा पूर येऊन रुग्णालयसुद्धा रिकामे करावे लागले होते, आणि तेथील साध्या गृहविम्यात पुराची भरपाई नसते. अखेरीस २०२४ च्या दिवाळीपूर्वी त्यांनी तीन खोल्यांचे, एकाच मजल्याचे घर घेतले. वाचनालय आणि ज्येष्ठांचे केंद्र दोन्ही पायी जाण्याच्या अंतरावर. पट्टी वर्षास दोन हजार डॉलरांच्या आसपास.

ज्ञातिबंधूंनो, येथवर आम्ही अण्णांची हकीकत सांगितली. आता आमची सांगितली पाहिजे, नाही तर हे भाषण अर्धे राहील.

परतीच्या आदल्या रात्री आम्ही अण्णांस म्हटले, “अण्णा, गावची खोली तुमची वाट पाहते आहे. परक्यांत घर करता, आणि आपल्यांत येत नाही?” अण्णा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “अरे, मी परत येतो असे म्हणत आलो ते खोटे नव्हते. पण तेथे आता मला ओळखणारा तू एकटा. आणि येथे माझे औषध आहे, नातवंडे आहेत. मला खोली नको, शेजार हवा.” आम्ही रागाने उठून गेलो. त्या रागातच मायदेशी आलो.

घरी येऊन ती खोली उघडली, आणि चाळीसहून अधिक वर्षांपूर्वीची एक गोष्ट डोळ्यांपुढे उभी राहिली. १९८१ साली आमच्या शाळेत एक तरुण शिक्षक बदलून आले. गावात त्यांस जागा मिळेना. आम्ही त्यांस हीच खोली दाखविण्यास घेऊन आलो. आमच्या वडिलांनी त्यांस पाणी दिले, बसावयास सांगितले, आणि मग विचारले, “आपली ज्ञाती कोणती?” त्यांनी सांगितली. वडील म्हणाले, “खोली थोरल्यासाठी राखली आहे.” त्या वेळी थोरला सात समुद्रांपलीकडे होता. आम्ही तेथेच उभे होतो. आम्ही एक शब्द बोललो नाही. ते शिक्षक दोन वर्षे दररोज चार मैल चालत शाळेत येत. पावसाळ्यात भिजून येत, आणि वर्गात जाण्यापूर्वी आमच्याकडे पाहून नमस्कार करीत. त्या नमस्कारास आम्ही नमस्कार केला; उत्तर मात्र कधीच दिले नाही.

इंडियानातील जुन्या दंडकाची हकीकत ऐकून आम्ही मान हलविली होती. आमच्या पडवीत मात्र सूर्यास्ताची वाट पाहण्याचीही गरज पडली नव्हती. भर दुपारी काम झाले होते. वडिलांना दोष देऊन आम्ही सुटत नाही. वडील जुन्या वळणाचे होते. आम्ही तर मुलांस समतेचे धडे शिकवीत होतो.

गेल्या जून महिन्यात आमच्या गावच्या शाळेत परजिल्ह्यातून एक तरुण शिक्षिका आल्या. खोलीच्या शोधात आमच्या दारी आल्या. आम्ही किल्ली त्यांच्या हाती ठेविली. ज्ञाती विचारली नाही. आजवर ठाऊक नाही. पहिल्या आठवड्यात आमच्या मंडळींनी त्यांस दळण आणावयास सांगितले, तेव्हा अण्णांची दुसरी कसोटी आठवून आम्हांस समाधान वाटले. ही वार्ता अण्णांस कळविली. ते म्हणाले, “बरे झाले. माझी खोली आता नांदती झाली.”

आता मंडळास एक विनंती. आपले वसतिगृह आपल्या पूर्वजांनी ज्ञातीतील गरीब मुलांसाठी बांधिले, हे त्यांचे थोर उपकार. परंतु गेल्या काही वर्षांपासून त्यातील चार खोल्या रिकाम्या आहेत, हे अहवालातच नमूद आहे. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात निरनिराळ्या ज्ञातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे निघण्यास आश्रय दिला. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ साली साताऱ्यात सर्व ज्ञातींच्या मुलांस एका पंक्तीस बसविले. पहिली पायरी आपण चढलो आहोत. दुसरीपाशी आपण शंभर वर्षे उभे आहोत. त्या चार खोल्या कोणत्याही ज्ञातीच्या होतकरू विद्यार्थ्यांस खुल्या कराव्यात, असा ठराव उद्याच्या सर्वसाधारण सभेपुढे आम्ही मांडणार आहोत. तो संमत होईल की नाही, ठाऊक नाही. विरोध करणाऱ्यांचा आम्हांस राग नाही. १९८१ साली आम्हीही त्यांच्यातच होतो.

आपल्यातील जे निवृत्तीनंतर गाव शोधीत आहेत, त्यांनी कर, औषध, चढउतार, पाणी हे सर्व पाहावे. एक वर्ष भाड्याने राहून पाहावे. आणि मग तेथे आपणांस कोणी काम सांगते काय, हे पाहावे. आणि जे आपापल्या गावीच आहेत, त्यांनी एवढेच पाहावे की, उद्या कोणी परगावचा वृद्ध असेच चार रकाने आखून आपल्या गल्लीत आला, तर आपल्या दारापुढे त्याने वही मिटावी की पुढे चालू लागावे.